कुत्र्याची भाकरी आणि माणसाचे शास्त्र

वसंतातल्या या ज्ञानसत्रात कुत्र्याच्या खाण्याविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. स्वराज्याची स्थापना, संतांची कामगिरी, भाषेचा प्रश्न असे भारदस्त विषय एका बाजूला, आणि दारातल्या मोत्याची थाळी दुसऱ्या बाजूला! परंतु इतिहास हा केवळ दरबारात आणि रणांगणावरच घडतो, ही समजूत आता मागे पडली आहे. माणूस काय खात होता याचा इतिहास लिहिला जातो. मग माणसाने आपल्या सर्वांत जुन्या सोबत्याला काय खाऊ घातले याचा इतिहास का लिहू नये? आमचे म्हणणे तर याहून पुढचे आहे. कुत्र्याच्या थाळीत काय पडले यावरून माणसाच्या ताटाविषयीचे शास्त्र गेल्या दोनशे वर्षांत पुष्कळसे घडले आहे, आणि आज बाजारातले खाद्य घ्यावे की घरचे शिजवून घालावे, हा जो प्रश्न शहरातील घराघरांतून विचारला जातो, त्याचे उत्तर त्या इतिहासाला वगळून देता येत नाही.

प्रथम आपल्या घरापासूनच आरंभ करू. वैश्वदेवाच्या वेळी कावळ्याप्रमाणेच कुत्र्याच्या नावानेही बळी काढून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पारशी समाजातही कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याचा प्रघात आहे. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ती त्याला कोरडी खावी लागू नये म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्रातल्या मुलाला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. खंडोबाचे वाघ्ये कुत्र्याची वृत्ती धारण करून कोटंब्यात घातलेले अन्न खात. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याला पालखीचा मान होता असे सांगतात, आणि त्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखविली जाते. या सर्व गोष्टींत एक समान धागा आहे. कुत्र्याचे म्हणून वेगळे अन्न त्यांत कोठेच नाही. घरात जे शिजले त्यातला घास, आणि बहुतेक वेळा उरलेला घास, हेच त्याचे अन्न. धनगराच्या वाड्यावर त्याला भाकरी आणि ताक मिळे; खाटकाच्या दाराशी हाडे मिळत; ब्राह्मणाच्या ओसरीवर आमटीभात मिळे. मालकाची जी परिस्थिती तीच कुत्र्याची. दुष्काळात दोघेही हाडकत.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा होता असे मात्र नाही. रोमन लेखक व्हारो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मेंढपाळाच्या कुत्र्याला दुधात भिजविलेली जवाची भाकरी द्यावी, आणि मेलेल्या मेंढीचे मांस त्याला चाखू देऊ नये, अशी सूचना आहे. कारण उघड आहे: आज मेलेली खाईल तो उद्या जिवंत धरील. त्याच्यानंतरच्या कोलुमेला यानेही जवाचे पीठ आणि दूध फाटल्यावर उरणारे पाणी हे सर्व कुत्र्यांना मानवणारे अन्न म्हणून सांगितले आहे. इटलीतला हा मेंढपाळ आणि माणदेशातला धनगर यांची गाठ पडणे शक्य नव्हते. तरी दोघांच्या कुत्र्यांपुढे जवळजवळ एकच पदार्थ होता.

येथे कोणी म्हणेल, कुत्रा हा लांडग्याच्या वंशाचा प्राणी. त्याला भाकरी घालणे हा त्याच्या प्रकृतीवर अन्यायच नव्हे काय? ही शंका अलीकडे फार जोराने मांडली जाते, आणि केवळ कच्चे मांसच घालावे असा एक पंथही निघाला आहे. त्याला उत्तर २०१३ साली मिळाले. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा पिष्ट पचविणारा पाचकरस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस शेती करू लागला आणि धान्य खाऊ लागला, तसतसे कुत्र्याचे पोटही त्याच्याबरोबर बदलत गेले. भाकरी खाणारा कुत्रा हा बिघडलेला लांडगा नव्हे. तो माणसाच्या चुलीजवळ घडलेला निराळा प्राणी आहे. मात्र भाकरी पचते याचा अर्थ भाकरी पुरते असा होत नाही, आणि या दोहोंमधला भेद कळण्यास माणसाला फार किंमत मोजावी लागली. खरे म्हणजे ती किंमत कुत्र्यांनीच मोजली.

१८१६ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा माझांदी या शरीरशास्त्रज्ञाने एका धष्टपुष्ट कुत्र्याला केवळ साखर आणि शुद्ध पाणी यांवर ठेवले. पहिले काही दिवस तो मजेत होता. पुढे तो रोडावू लागला, त्याच्या डोळ्यांच्या बुबुळांवर व्रण पडले, आणि सुमारे महिन्याभरात तो मेला. माझांदीने मग ऑलिव्हचे तेल, डिंक, लोणी अशा एकेका पदार्थावर कुत्रे ठेवून पाहिले, शेवट तोच. ज्या अन्नात नायट्रोजन नाही ते पोटभर खाल्ले तरी प्राणी जगत नाही, हा आहारशास्त्रातला पाठ असा कुत्र्याच्या मरणातून मिळाला. माझांदीच्या क्रूरपणाबद्दल इंग्लंडात फार ओरड झाली, आणि ती अनाठायी होती असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्या प्रयोगांचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या काळी पॅरिसच्या इस्पितळांतून आणि गरिबांच्या अन्नछत्रांतून हाडे उकळून काढलेल्या जिलेटिनचे सूप वाटले जाई, आणि ते मांसाइतकेच पौष्टिक आहे असे त्याचे पुरस्कर्ते छातीठोकपणे सांगत. वाद वाढल्यावर तपासासाठी समिती नेमली गेली. माझांदी तिच्यात होता. १८४१ साली समितीने आपला अहवाल दिला, आणि निव्वळ जिलेटिनवर कुत्रे जगत नाहीत हे त्यातून स्पष्ट झाले. गरिबाच्या वाटीत काय पडते आहे याची साक्ष कुत्र्याने दिली. ही साक्ष त्याला पुढे आणखी अनेक वेळा द्यावी लागली.

दरम्यान इंग्लंडात कुत्र्याचे अन्न दुकानात आले. जेम्स स्प्रॅट हा मूळचा अमेरिकेतल्या ओहायो प्रांताचा. विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या सळया विकण्याकरिता तो लंडनला आला होता. जहाजांवरची कडक बिस्किटे गोदीवरचे कुत्रे खात असलेले पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. ही आख्यायिका खरी असो वा नसो, १८६१ च्या सुमारास त्याने गव्हाचे पीठ, बीट आदी भाज्या आणि वाळविलेले मांस यांची वडी करून ती ‘मीट फायब्रिन डॉग केक्स’ या नावाने विकावयास आरंभ केला. गिऱ्हाईक कोण? तर शिकारी कुत्रे पाळणारे जमीनदार. साधा इंग्रज मजूर आपल्या कुत्र्याला पूर्वीप्रमाणेच खरकटे घालीत होता. माल खपविण्याची स्प्रॅटची रीत मात्र आजच्या जाहिरातवाल्यांनाही लाजवील अशी होती. त्याच्या दुकानात चार्ल्स क्रफ्ट नावाचा एक तरुण नोकरीला होता. कुत्र्यांची प्रदर्शने भरवली म्हणजे कुत्र्यांची हौस वाढेल आणि हौस वाढली म्हणजे बिस्किटे खपतील, हे त्याने नेमके ओळखले. १८९१ साली लंडनच्या इझलिंग्टन भागात त्याने स्वतःच्या नावाचे प्रदर्शन भरविले. ते ‘क्रफ्ट्स’ आजही चालू आहे. जातिवंत कुत्र्यांच्या शौकाचा हा एवढा डोलारा अंशतः तरी एका बिस्किटाच्या खपावर उभा राहिला, ही गोष्ट गमतीची आहे.

आता विसाव्या शतकाकडे वळू, कारण खरा ऐवज तेथे आहे. आपण ज्याला मुडदूस म्हणतो तो रोग त्या काळी ब्रिटनमधील औद्योगिक शहरांत हजारो मुलांना होता. पाय धनुष्यासारखे वाकलेली मुले गल्लोगल्ली दिसत. कोणी म्हणे याला कोंदट हवा कारण, कोणी म्हणे आनुवंशिक दोष. एडवर्ड मेलन्बी याने कुत्र्यांच्या पिलांना घरात कोंडून ओटच्या लापशीसारख्या अन्नावर वाढविले. पिलांना मुडदूस झाला. काहींना त्याच अन्नाबरोबर कॉडमाशाच्या यकृताचे तेल दिले; ती पिले धडधाकट राहिली. १९१९ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले, आणि १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकॉलम याने तेलातला तो गुणकारी अंश वेगळा ओळखला. तोच आपला ड जीवनसत्त्व. पिले घरात कोंडलेली होती, त्यांना ऊन मिळत नव्हते, ही बाब येथे महत्त्वाची आहे. तीच पिले अंगणात खेळती तर प्रयोग फसता. आज तान्ह्या मुलाला डॉक्टर जे थेंब लिहून देतात, त्यांच्यामागे त्या पिलांचे वाकडे पाय आहेत.

दुसरी हकीकत आम्हां दख्खनच्या लोकांना अधिक जवळची आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत पेलाग्रा नावाचा रोग फार माजला होता. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धिभ्रंश होतो. हा जंतूंचा रोग आहे असे बहुतेक वैद्य समजत. जोसेफ गोल्डबर्गर याने १९१४ पासून त्याचा पाठपुरावा केला आणि मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या निकस आहारात त्याचे मूळ असल्याचे दाखविले. त्याच प्रांतातल्या कुत्र्यांना ‘काळी जीभ’ या नावाचा एक रोग होई. तोही त्याच अन्नाने होतो, आणि यीस्ट दिले म्हणजे दोन्ही रोग हटतात, हे त्याच्या ध्यानात आले. १९२९ साली तो वारला तेव्हा यीस्टमधला तो नेमका पदार्थ कोणता हे कळावयाचेच होते. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनराड एल्व्हेजेम याने निकोटिनिक आम्ल देऊन काळी जीभ झालेला कुत्रा बरा करून दाखविला. हे आम्ल रसायनशास्त्रज्ञांच्या फडताळात सत्तर वर्षे पडून होते. त्याचा काही उपयोग असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते!

मका खाणाऱ्यांना पेलाग्रा होतो, हे झाले. परंतु दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांतही तो आढळत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली हे जगापुढे मांडले आणि ज्वारीत ल्युसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण अधिक असणे हे त्याचे कारण असावे असे सुचविले. १९६५ साली भवानी बेलवाडी आणि गोपालन यांनी कुत्र्यांना ज्वारीप्रधान आहारावर ठेवले, तेव्हा त्यांच्याही जिभा काळ्या पडल्या. ल्युसिनचा सिद्धान्त पुढे सर्वांनी मानला असे नाही; त्यावर बराच वाद झाला. परंतु मूळ निरीक्षण हलले नाही. ज्वारीची भाकरी वाईट, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्या कित्येक पिढ्या मालदांडीवर पोसल्या आहेत. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणा, कधी अंडे, कधी मटण असे काही असले म्हणजे हा रोग जवळ येत नाही. तो येतो तो कोरडी भाकरी आणि मिरचीचा ठेचा यापलीकडे ज्यांच्या पानात काही पडत नाही त्यांना. तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवरायांना आहारशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु भाकरी कोरडी नसावी ही त्यांची कळकळ शास्त्रालाही मान्य होण्याजोगी आहे.

बाजारच्या खाद्याची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बिस्किटवाल्याने हाडाच्या आकाराचे बिस्कीट काढले. १९२२ मध्ये इलिनॉय संस्थानात डबाबंद घोड्याचे मांस कुत्र्यांसाठी विकले जाऊ लागले. मोटारी आल्या होत्या, पहिले महायुद्ध संपले होते, आणि निरुपयोगी घोड्यांना तोटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कथिलाची टंचाई झाली, डबे मिळेनात, म्हणून कोरड्या खाद्याला दिवस आले. पुढे सकाळच्या न्याहारीचे कुरकुरीत धान्य ज्या यंत्रातून काढीत, त्याच यंत्रातून कुत्र्याचे अन्न काढण्याची युक्ती निघाली. पीठ, मांसचूर्ण आणि पाणी यांचा लगदा दाबाखाली वाफेवर शिजवावयाचा, तो भोकांतून बाहेर येताच कुरमुऱ्यासारखा फुगतो, मग वाळवून वरून चरबीचा फवारा द्यावयाचा. १९५७ पासून या पद्धतीचे दाणे अमेरिकेत सर्वत्र खपू लागले. डब्यातल्या ओल्या अन्नात पाऊण हिस्सा पाणी असते. या दाण्यांत सुमारे दहावा हिस्सा. टिकाऊपणाचे रहस्य तेवढेच. पाठोपाठ १९६० च्या दशकात तिकडच्या धंदेवाल्यांनी, ताटातले उरलेले कुत्र्याला घालणे कसे घातक आहे, याचा प्रचार जोराने केला. हजारो वर्षे जे अन्न चालत आले ते एकाएकी विष ठरले! यात शास्त्र किती आणि दुकानदारी किती, हे श्रोत्यांनीच ओळखावे.

तरी धंद्याला सरसकट नावे ठेवणेही न्यायाचे होणार नाही. मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थाच्या वाटाड्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा विकार जडला, तेव्हा मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी प्रथिने आणि क्षार बेताचे ठेवून मुद्दाम अन्न शिजविले. ते घरच्या स्वयंपाकघरात बरण्यांत भरून पाठविले जाई, आणि बरण्या वाटेत फुटत. १९४८ साली एका कारखानदाराने ते डब्यात भरून देण्याचे पत्करले. आज रोगी कुत्र्यांसाठी जी पथ्याची खाद्ये मिळतात, त्यांचा उगम असा घरगुती शिजवण्यात आहे. आंधळ्याची काठी वाचविणारा तो डबा दुकानदारी म्हणून झिडकारता येणार नाही.

परंतु कारखाना आला म्हणजे कारखान्याचे दोषही आले. १९२० नंतर ब्रिटन-अमेरिकेत कुत्र्यांना एक चमत्कारिक उन्माद होऊ लागला. चांगला बसलेला कुत्रा एकदम भेदरून ओरडत धावत सुटे, भिंतींवर आपटे, त्याला झटके येत. कोणी जंत म्हणे, कोणी मेंदूचा रोग. १९४६ साली त्याच मेलन्बीने याचा उलगडा केला. पांढराशुभ्र पाव मिळावा म्हणून गिरण्यांतून पिठावर नायट्रोजन ट्रायक्लोराइड या वायूची प्रक्रिया करीत. त्या पिठाची बिस्किटे आणि पाव खाऊन कुत्रे वेडे होत होते. तेच पीठ माणसेही खात होती, आणि वर्षानुवर्षे खात होती! अमेरिकेने १९४९ मध्ये ही प्रक्रिया बंद केली. ब्रिटनला आणखी काही वर्षे लागली. पुढचा प्रसंग आमच्या काळातला आहे. २००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. तपासात निघाले की, चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळलेले होते. त्यामुळे चाचणीत नायट्रोजन अधिक दिसतो आणि माल प्रथिनयुक्त आहे असा भास होतो. लाखो डबे आणि पिशव्या बाजारातून परत घेतल्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, चीनमध्ये तेच रसायन बाळांच्या दुधाच्या भुकटीत सापडले. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, सहा दगावली. माझांदीने नायट्रोजनचे महत्त्व ओळखले, आणि दोनशे वर्षांनी त्याच नायट्रोजनाच्या मोजमापाचा आधार घेऊन लोकांनी फसवणूक केली. कुत्र्यांची साक्ष एक वर्ष आधी नोंदली गेली होती. ती मुलांच्या दुधापर्यंत वेळेवर पोहोचली नाही.

मग घरचेच शिजवून घालावे काय? व्याख्यान ऐकून घरी जाणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा हक्क आहे. परंतु घरचे म्हणजे आपोआप चांगले, हीही एक भाबडी श्रद्धाच आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यांनी पुस्तकांतून व इतरत्र सुचविलेल्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या. शंभरात पंचाण्णव कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. हे २०१३ चे वर्तमान. आमच्या शहरांतून तर दोनच तऱ्हा दिसतात. शाकाहारी घरात दूध-पोळी, आणि मांसाहारी घरात कोंबडीचे तुकडे व भात. दूध-पोळीत प्रथिने तोकडी पडतात, आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. त्यांना दही-ताक मानवते. कोंबडी-भातात स्फुरद भरपूर पण कॅल्शियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे वाढत्या पिलाचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेते आणि पाय वाकतात. म्हणजे मेलन्बीच्या पिलांची गत, तीही प्रेमाने कोंबडी खाऊ घालून! उलट थोराड जातीच्या पिलाला औषधाच्या दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून चारल्या, तर हाडांची वाढ निराळ्या तऱ्हेने बिघडते. ज्यांना रोज तोलून-मापून शिजविणे जमत नाही, त्यांनी पिलाच्या वाढीच्या काळात तरी चांगले, वयोमानानुसार पूर्ण आहार असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले खाद्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही. महाग ते उत्तम असेही नव्हे. धान्यविरहित म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या, वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने २०१८ साली सुरू केली, आणि तिचा पक्का निकाल लागलेला नाही.

मोठ्या, निरोगी कुत्र्याला घरचे घालावयाचे असेल तर भाकरी किंवा भात, त्यात मऊ शिजविलेली डाळ, अंडे किंवा मांस, थोडी भोपळा-गाजरासारखी भाजी, थोडे तेल, आणि अंड्याचे टरफल वाळवून कुटलेली पूड, इतके तरी असावे. प्रमाण मात्र कुत्र्याच्या वजनावर ठरते, म्हणून ते पशुवैद्याला एकदा दाखवून घ्यावे. मांस असो वा डाळ, कुत्र्याचा वाटा फोडणीपूर्वी बाजूला काढावा. आपला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि रश्शातून रोज थोडाथोडा गेला तरी तो परिणाम साठत जातो. द्राक्षे आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना बाधतात. सांगली-तासगावकडच्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तेथे बेदाणा घरात पडलेलाच असतो. चॉकलेट मुलाच्या हातून त्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. शिजविलेली हाडे मोडली म्हणजे त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात, तेव्हा मटणाच्या जेवणानंतरचे ताट दारात उपडे करण्याची जुनी सवय सोडावी. आणि उन्हाळ्याचे हे दिवस आहेत. गच्चीवर किंवा अंगणात बांधलेल्या कुत्र्यापुढे पाण्याचे भांडे दुपारी दोनदा तरी भरलेले आहे की नाही ते पाहावे.